मैत्रीचा घाट : 'टेल्स ऑफ द सिटी' आणि दैनंदिनाचे कथन

समलिंगी जीवनाविषयीच्या कथात्म साहित्याची समीक्षा दीर्घकाळ दोन प्रश्नांभोवतीच घोटाळत राहिली आहे. पात्राला आपल्या वासनेचे भान केव्हा व कसे येते, हा पहिला प्रश्न. त्या भानाची कोणती किंमत त्याला मोजावी लागते, हा दुसरा. पहिल्यातून कबुलीजबाबाचा रूपबंध सिद्ध होतो, दुसऱ्यातून शोकात्मिकेचा. ह्या दोहोंमध्ये मैत्रीला जागा जवळजवळ नसते. मित्र असलाच तर तो विश्वासपात्र श्रोता असतो, अथवा प्रियकर होता होता राहिलेला पुरुष असतो. म्हणजे मैत्री ही एकतर प्रेमकथेची प्रस्तावना ठरते किंवा तिचा उरलेला गाळ.

ई. एम. फॉर्स्टर ह्यांच्या 'मॉरिस'चे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. १९१३-१४मध्ये लिहिलेली आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १९७१मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी शोकात्म शेवट बुद्ध्या नाकारते. शेवट सुखाचाच हवा, असा फॉर्स्टर ह्यांचा आग्रह होता. परंतु हे सुख त्यांना समाजाच्या आत कल्पिता आले नाही. मॉरिस आणि अ‍ॅलेक ह्यांना त्यांनी हरितवनाच्या दिशेने धाडले. त्या वनात वाणी नाही, शेजारी नाही, भाड्याची तारीख नाही. दोघांचे प्रेम वाचते, पण त्यांच्या आयुष्यात मंगळवार उगवत नाही. फॉर्स्टर ह्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या काळच्या कायद्याने दुसरा पर्याय ठेवलेला नव्हता. तरीही कादंबरी ह्या साहित्यप्रकाराच्या दृष्टीने प्रश्न उरतोच: समलिंगी माणसाच्या सामान्य दिवसाला कथेत रूप कोठून मिळावे?

आर्मिस्टेड मॉपिन ह्यांच्या 'टेल्स ऑफ द सिटी' ह्या मालिकेकडे ह्या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. गंभीर समीक्षेने तिला लोकप्रिय साहित्याच्या खात्यात टाकून बहुतांशी विषय संपवला. मे १९७६पासून ही कथा 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल' ह्या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. १९७८मध्ये तिचे पुस्तक झाले आणि १९८९च्या 'शुअर ऑफ यू'पर्यंत सहा भाग निघाले. त्यानंतर अठरा वर्षांच्या खंडाने, २००७मध्ये, 'मायकेल टॉलिव्हर लिव्ह्ज' आले. पुढे २०१०, २०१४ आणि २०२४मध्येही भर पडली. पात्रांचे वय वाढते, वाचकांचेही वाढते. एकाच मित्रमंडळाला जवळजवळ अर्धे शतक सोबत करणारी अशी कथनमालिका विरळाच.

दैनिकातील जागा ठरावीक असते. रोजचा हप्ता आखूड. त्यात वर्णनाला वाव नाही, मनोविश्लेषणाला तर नाहीच. परिणामी मॉपिन ह्यांचे गद्य जवळजवळ संपूर्णपणे संवादांवर उभे आहे. दोन माणसे बोलतात, त्यांपैकी एक काहीतरी लपवते, दुसऱ्याला ते कळते, प्रकरण संपते. ही तांत्रिक मर्यादा आहे हे खरे. पण मैत्री ही मुख्यतः बोलण्यातच घडते, हेही तितकेच खरे आहे. प्रेमकथेला एकांत लागतो, स्वगत लागते, पत्रे लागतात. मैत्रीला लागतो तो जिन्यावरचा दोन मिनिटांचा संवाद, आणि तो उद्या पुन्हा होईल ही खात्री. ही खात्री दैनिकाने पुरवली. हप्त्याची पुनरावृत्ती ही येथे केवळ प्रकाशनाची सोय राहत नाही. ती आशयाचाच भाग होते.

बेनेडिक्ट अँडरसन ह्यांनी १९८३मध्ये वृत्तपत्र आणि कादंबरी ह्यांच्यातील नाते उलगडताना एक निरीक्षण नोंदवले होते. एकाच सकाळी तेच पान उघडणाऱ्या, एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या वाचकांत समाजाची कल्पना आकार घेते. अँडरसन ह्यांच्यासमोर राष्ट्र होते. 'क्रॉनिकल'च्या बाबतीत घडले ते अधिक गमतीचे. हे पत्र समलिंगींचे मुखपत्र नव्हते. ते शहरातल्या सर्वसाधारण घरांत जाणारे दैनिक होते, आणि त्याच पानावर मायकेल टॉलिव्हर नावाचा तरुण दुरावलेल्या प्रियकराविषयी आपल्या मैत्रिणीशी बोलत होता. त्यामुळे येथे निर्माण झालेला वाचकसमूह समानशीलांचा नव्हता. निरनिराळ्या प्रकारची माणसे एकाच पात्राच्या क्षेमकुशलाची चौकशी करत होती. हा समूह एखाद्या गुप्त मंडळापेक्षा एखाद्या वाड्याच्या अधिक जवळ जातो.

मालिकेचे केंद्रही असेच एक घर आहे: २८, बार्बरी लेन. क्लीव्हलँडहून आलेली मेरी अ‍ॅन सिंगलटन तेथे भाडेकरू म्हणून राहायला येते आणि घरमालकीण अ‍ॅना मॅड्रिगल तिच्या दाराला स्वागतादाखल गांजाची विडी चिकटवून ठेवते. मायकेल आणि मेरी अ‍ॅन ह्यांची पहिली भेट तर किराणामालाच्या मोठ्या दुकानात होते. मेरी अ‍ॅनला तेथे एक देखणा पुरुष भेटतो, आशा पालवते, तेवढ्यात त्याचा जोडीदार समोर येतो, आणि तो जोडीदार म्हणजेच मायकेल. प्रसंग विनोदी आहे. त्याची रचना मात्र नीट पाहावी. एका फसलेल्या प्रेमकथेच्या जागी मैत्री उगवते, आणि पुढील कित्येक भागांत तीच ह्या दोघांच्या आयुष्यातील सर्वांत टिकाऊ गोष्ट ठरते. इव्ह सेजविक ह्यांनी १९८५मध्ये इंग्रजी कादंबरीतील त्रिकोणाचे विवेचन केले. त्यात दोन पुरुषांमधील बंध स्त्रीच्या मध्यस्थीने सिद्ध होतो. मॉपिन ह्यांनी हा त्रिकोण उलटा केला आहे. मध्यस्थ पुरुष कथेतून निघून जातो आणि स्त्री व समलिंगी पुरुष ह्यांच्यात, परस्परांकडून देहाची कोणतीही अपेक्षा नसताना, बोलणे सुरू होते.

मिशेल फुको ह्यांनी १९८१मधील एका मुलाखतीत मैत्री ही एक जीवनपद्धती असल्याचे प्रतिपादन केले होते. दोन पुरुषांच्या शरीरसंबंधाने समाज तितका अस्वस्थ होत नाही. त्यांनी एकमेकांवर जीव लावावा, परस्परांची काळजी घ्यावी, ह्याने तो अस्वस्थ होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ह्या बंधांना तयार साचा नाही, तो ज्याचा त्याने घडवायचा आहे, हेही त्यांनी सुचवले. सिद्धान्त म्हणून हे आकर्षक आहे. तथापि फुको ज्याला अजून न घडलेले रूप मानतात ते पाच वर्षांपूर्वीच एका दैनिकाच्या सदरात भाडे, कॉफी, आजारपणातील शुश्रूषा आणि उसने मागितलेले सामान ह्यांच्या रूपाने अवतरले होते, हे येथे नमूद करावे लागेल. मानवशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन ह्यांनी १९९१मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील समलिंगी स्त्री-पुरुषांच्या 'निवडलेल्या कुटुंबां'चा अभ्यास प्रसिद्ध केला. मॉपिन ह्यांनी अशाच गोतावळ्याला 'लॉजिकल' कुटुंब म्हटले. 'बायॉलॉजिकल'मधील आरंभीची अक्षरे गाळून साधलेला हा श्लेष मराठीत आणणे कठीण आहे.

मालिकेचे दोष झाकण्याचे कारण नाही. योगायोगांचा अतिरेक आहे. नरमांसभक्षक पंथ, गच्चीवरच्या खोलीत राहणारा खासगी गुप्तहेर, मेलेला समजला गेलेला पंथप्रमुख अशी रहस्यकथेची सामग्री मॉपिन मुक्त हस्ताने वापरतात, आणि ती आज वाचताना शिळी लागते. गौरेतर माणसे परिघावरच राहतात. एका गाजलेल्या उपकथानकात तर कृष्णवर्णीय म्हणून वावरणारी स्त्री गोरी निघते, आणि लेखकाला ह्यात चमत्कृतीपलीकडे फारसे काही दिसत नाही. त्याहून गंभीर आक्षेप मोनाबाबत घेता येईल. अ‍ॅना मॅड्रिगल ही पारलिंगी स्त्री आहे आणि मोना तिचेच अपत्य असल्याचे दुसऱ्या भागात उघड होते. रक्ताच्या नात्याशिवाय कुटुंब उभे राहू शकते, असे जी कथा सांगते तिला रहस्यभेदासाठी अखेर रक्ताच्याच नात्याचा आधार घ्यावा लागावा, ही विसंगती लहान नाही. कथानकाची गरज येथे कथेच्या विचारावर कुरघोडी करते. एवढे मात्र म्हणता येईल, की नाते उघड झाल्यानंतरही त्या दोघी घरमालकीण आणि भाडेकरू ह्या जुन्या भाषेतच अधिक सहज बोलतात.

क्रमशः कथनाचा खरा कस लागतो तो १९८४च्या 'बेबीकेक्स'मध्ये. वोल्फगांग ईझर ह्यांनी क्रमशः कादंबरीच्या वाचनाची चर्चा करताना दोन हप्त्यांमधील रिक्त जागेचे महत्त्व सांगितले आहे. त्या खंडात वाचक पात्रांचे आयुष्य स्वतः पुढे नेतो आणि म्हणून त्यांच्याशी अधिक बांधला जातो. मॉपिन ह्यांनी ह्याच रिक्त जागेत मायकेलचा प्रियकर डॉ. जॉन फील्डिंग ह्याचा मृत्यू ठेवला. १९८२चा भाग संपतो तेव्हा जॉन हयात आहे. पुढचा भाग सुरू होतो तेव्हा तो एड्सने गेलेला आहे. मृत्युशय्या नाही, अखेरचे शब्द नाहीत. शोकात्मिकेला जो प्रसंग सर्वस्वी हवा असतो तोच येथे गाळला आहे. उरते ती बाग, उरते ते घर, आणि जॉनविना कसेबसे दिवस ढकलणारा मायकेल. एड्सचा विषय कथात्म साहित्यात आणणाऱ्या अगदी आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी ही एक. त्या महामारीविषयीच्या पुढील साहित्यात रुग्णशय्या इतकी केंद्रस्थानी आली, की ह्या गाळण्याचे मोल उशिरा कळते. मित्राचा मृत्यू दैनंदिनात असाच येतो: तो घडून गेलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशीचे दूध आणायचे असते. १९८९च्या भागात मायकेल स्वतः बाधित आहे. औषधाची वेळ झाली की त्याच्याजवळचे छोटे यंत्र वाजते आणि गप्पा मध्येच थांबतात. आजार हा येथे विरामचिन्हासारखा येतो.

त्याच भागात मेरी अ‍ॅन दूरचित्रवाणीवरील कारकिर्दीसाठी नवरा ब्रायन आणि दत्तक मुलगी ह्यांना सोडून न्यूयॉर्कला निघून जाते. विवाह मोडण्याला कायदा आहे, विधी आहे. मायकेलशी तिची जी मैत्री मोडते तिला काहीच नाही. त्याने दुखावल्याचे सांगावे तरी कोणत्या हक्काने? मॉपिन मेरी अ‍ॅनला खलनायिका करण्याच्या अगदी काठावर येतात, आणि माझ्या मते काही पृष्ठांत तो काठ ओलांडतातही. पण मैत्रीतील विश्वासघाताला शब्द नसण्याची ही अडचण त्यांच्याइतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी पाहिली.

मराठी वाचकाला येथे साहजिकच सचिन कुंडलकर ह्यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) आठवते. तेथेही घर आहे, भाड्याने दिलेली खोली आहे आणि बाहेरून आलेला भाडेकरू आहे. भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. तो निघून जातो. कादंबरी दोन निवेदनांत विभागली आहे. तनय अनुपस्थित प्रियकराला उद्देशून बोलतो, अनुजा दैनंदिनी लिहिते. एका छपराखाली, एकाच माणसाला गमावलेली ही दोन भावंडे एकमेकांशी मात्र बोलत नाहीत. दोन स्वगते शेजारी शेजारी ठेवलेली राहतात. बार्बरी लेनमध्ये भाडे देऊन परकी माणसे घरची होतात. 'कोबाल्ट ब्लू'मध्ये घरचीच माणसे एकमेकांना भाडेकरूसारखी होतात. कुंडलकर ह्यांचा घाट अधिक काटेकोर आहे, गद्य अधिक संवेदनक्षम आहे, ह्यात शंका नाही. पण त्यात मित्र नाही. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये (१९८१) तो आहे. शीर्षकातील षष्ठी मित्रा नावाच्या स्त्रीचीही आहे आणि मित्र ह्या सामान्यनामाचीही. ही गोष्ट सांगणारा बापू तिच्यावर प्रेम करतो, आणि मिळते ती मैत्री सांभाळतो. तेंडुलकरांना मात्र ती शोकात्मिकेकडे न्यावी लागली. मराठीत क्रमशः कादंबरीची परंपरा 'करमणूक'मध्ये हरिभाऊंच्या 'पण लक्षात कोण घेतो'इतकी जुनी असूनही, अशा मैत्रीला हप्त्याहप्त्याने वाढू देणारे पान आमच्या नियतकालिकांनी दिले नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७च्या कक्षेतून वगळले. त्याने कबुलीची भीती काहीशी ओसरली असेल. सामान्य दिवसाचा घाट न्यायालय देऊ शकत नाही.

'मायकेल टॉलिव्हर लिव्ह्ज'मध्ये मॉपिन ह्यांनी अनेकांच्या दृष्टीतून फिरणारे तृतीयपुरुषी निवेदन सोडून मायकेललाच बोलते केले, आणि त्यात घराचा गजबजाट बराच हरवला. ह्या निवडीविषयी मी साशंक आहे. पण कादंबरीतील निर्णायक पेच ह्या निवेदनामुळेच टोकदार होतो. फ्लोरिडात मायकेलची आई मृत्युशय्येवर आहे; तिच्याशी त्याचे नाते १९७७च्या हप्त्यांतील त्या प्रसिद्ध पत्रापासून अवघडलेले आहे. त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅना मॅड्रिगल बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आहे. एकाच ठिकाणी जाता येईल. मायकेल घरमालकिणीजवळ थांबतो. मेरी अ‍ॅनही त्या बातमीने परतते. दुखावलेले दोन मित्र रुग्णालयात पुन्हा समोरासमोर येतात, आणि मॉपिन त्यांना क्षमेची भाषणे देत नाहीत.