मैदानाचा तंटा आणि मुंबई जिमखाना : एका साधनग्रंथाचें परीक्षण

जुनें निवाडपत्र हातीं लागलें म्हणजे संशोधक प्रथम वादी व प्रतिवादी यांच्या तकरिरी शोधूं लागतो. एकच तकरीर मिळाली तर तो ती टाकून देत नाहीं. पण तेवढ्यावर निवाडाही देत नाहीं. वतनांच्या भांडणांत पाळला जाणारा हा नियम खेळाच्या संस्थांचा इतिहास लिहितांना मात्र विसरला जातो. मुंबई जिमखान्याच्या इतिहासास तो विशेषेंकरून लागू आहे, कारण तेथेंही मूळ तंटा जमिनीचाच होता.

मुंबई जिमखाना इ. स. १८७५ मध्यें शहरांतील इंग्रज रहिवाशांनीं स्थापन केला. क्रिकेट, टेनिस, फुटबॉल, पोलो अशा निरनिराळ्या खेळांस एका संस्थेखालीं आणावें, हा त्यांचा हेतु होता. ‘जिमखाना’ हा शब्दही तेव्हां नवाच होता. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या प्रसिद्ध कोशाच्या कर्त्यांनीं त्याचा पहिला उपयोग १८६१ मध्यें रुडकी येथें झाल्याचें दाखविलें असून त्याचें मूळ ‘गेंदखाना’ या शब्दांत असावें असा तर्क केला आहे.

या संस्थेची ओळख करून देतांना सामान्यतः १८७५ वरून एकदम १९३३ वर उडी घेतली जाते. त्या वर्षाच्या डिसेंबरांत हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना येथें झाला. कर्णधार नायडू व जार्डिन यांचे संघ समोरासमोर आले, लाला अमरनाथ यांनीं ११८ धावा केल्या, आणि इंग्लंडनें नऊ गडी राखून सामना जिंकला. हें सर्व खरें आहे. पण जी जमीन या कीर्तीचें अधिष्ठान, तिच्या उपभोगाबद्दल पन्नास वर्षांपूर्वीं सरकारदरबारीं कोणती फिर्याद चालली होती, याचा पत्ता अशा वृत्तान्तांतून लागत नाहीं.

तो पत्ता लागतो शापूरजी सोराबजी यांच्या १८९७ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकांत. पारशांमधील क्रिकेटची बखर, आणि युरोपियनांचा पोलो विरुद्ध एतद्देशीयांचें क्रिकेट हा झगडा, अशी दोन अंगें त्याच्या नांवांतच सांगितलीं आहेत. हकीकत थोडक्यांत अशी. किल्ल्याबाहेरील मैदानावर जिमखान्याची क्रिकेटची जागा राखलेली होती. परंतु त्याचे सभासद पोलो खेळत ते एतद्देशीय खेळाडूंच्या भागावर. घोड्यांच्या टापांनीं तेथील जमीन उखडे व मग चेंडू सरळ उसळेना. १८८१ मध्यें या खेळाडूंनीं सरकारकडे अर्ज केला. सरकारनें प्रथम तो मान्य करून पोलो कूपरेजकडे नेण्यास सांगितलें. पुढें जिमखान्यानें उलट रदबदली केल्यावर हुकूम फिरविला.

ग्रंथकार या झगड्यांत स्वतः पुढारी होते. म्हणजे हें पुस्तक सरळसरळ वादीची तकरीर आहे, आणि तें त्याच दृष्टीनें वाचलें पाहिजे. तरीही आमच्या मतें त्याची योग्यता मोठी आहे. अर्जदारांचें म्हणणें काय होतें व सरकार कोठें वळलें, हें त्यांत घटनाक्रमानें पाहावयास मिळतें. फिरविलेला हुकूम हा एकट्या वादीच्या कल्पनेंतून निघत नाहीं. त्याची पडताळणी सरकारी दप्तरांतून करतां येते. याउलट १८४८ च्या ओरिएंटल क्लबापासूनचा पूर्वभाग अर्ध्या शतकानंतर लिहिलेला आहे. त्यास एवढें वजन देतां येणार नाहीं. एकाच ग्रंथाच्या दोन भागांस दोन मापें लावावीं लागतात, तीं अशीं.

दोष नांवांतच दिसतो. शब्द ‘एतद्देशीय’ असा आहे, पण बखर पारशांची आहे. बॉम्बे युनियन हा हिंदूंचा क्लब १८६६ पासूनचा. परंतु त्याचा इतिहास या बखरीच्या कक्षेबाहेरच राहतो. पुढें पारशी जिमखाना १८८५ त व हिंदु जिमखाना १८९४ त निघाला, आणि समुद्रकांठीं समाजागणिक वेगळालीं मैदानें झालीं. एका सामाईक मैदानाच्या तंट्याचा शेवट अशा वांटणींत झाला, असें म्हणण्याचा मोह होतो. पण घटना एकीमागून एक घडल्या एवढ्यानें पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं. इतकेंच म्हणतां येईल कीं, १९०७ च्या तिरंगी, १९१२ च्या चौरंगी व १९३७ पासूनच्या पंचरंगी सामन्यांची धर्मवार मांडणी या वांटणीस जुळणारी होती.

शिवाय या तंट्यांत एक तिसरा पक्ष आहे, त्याची तकरीर कोणींच लिहून घेतली नाहीं. तो मैदान सारवणाऱ्या व रूळ फिरविणाऱ्या नोकरांचा. अस्पृश्य मानलेल्या चांभार जातींत जन्मलेले पाळवणकर बाळू हे पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत अशाच नोकरीवर असतां कॅप्टन ग्रेग यांस सरावासाठीं गोलंदाजी करीत. पुढें १९०६ त मुंबईस हिंदूंनीं युरोपियनांवर जय मिळविला, त्यांत याच बाळूंची गोलंदाजी होती. त्यांचें नांव पराक्रमामुळें टिकलें. त्यांच्यासारख्या इतरांचीं नांवें टिकलीं असलीं तर तीं क्लबांच्या पगारपत्रकांत व जमाखर्चाच्या वह्यांतच टिकलीं असणार.

म्हणून आमचें संग्राहकांस सांगणें असें कीं, जुन्या पारशी, गुजराती व मराठी घराण्यांतून धावांच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, अर्जांचे कच्चे मसुदे निघाल्यास ते खेळाची अडगळ समजून रद्दींत घालूं नयेत. महजराच्या कागदाइतकेच ते जपावे, व त्यांची निदान टांचणें तरी करून ठेवावीं. प्रतिवादीची व या तिसऱ्या पक्षाची बाजू शापूरजींच्या पुस्तकाशेजारीं येऊन बसेल, तेव्हांच मुंबई जिमखान्याचा इतिहास लिहितां येईल. तोंपर्यंत आपल्या हातीं आहे ती एक उत्तम, पण एकट्या वादीची तकरीर.