सोंग आणि सुपारी

सातपुड्यातल्या मोलगीची होळी पाहायला हल्ली कॅमेरेच जास्त येतात. मोरपिसांचे टोप, कमरेचे भोपळे, घुंगरू, राखेने रंगवलेली अंगे, सारे नीट टिपले जाते. सोंग घेतलेला माणूस काय बोलतो, ते मात्र सहसा कोणी टिपत नाही. आणि सोंगाची खरी कमाई तर तिथेच असते. एरवी ज्याच्यापुढे मान खाली घालायची, त्याची तोंडावर नक्कल करायची मुभा सणाने दिलेली असते.

कोकणातल्या बेने इस्रायली लोकांना हे नेमके कळले होते. ज्यूंच्या पुरीमला त्यांनी सरळ ‘होळीचा सण’ म्हटले. तोही फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपासचा, सोंगांचा आणि थट्टेचा. 2024 मध्ये तर पुरीम आणि होळी हे दोन्ही सण 24 मार्चलाच आले. प्रश्न असा, की सणाची ही मुभा सण उलटल्यावर नाटककाराला किती दिवस पुरते?

हनोख लेविन या हिब्रू नाटककाराला ती 19 प्रयोग पुरली. लेविन 1943 साली तेल अवीवमध्ये जन्मला. आईवडील पोलंडहून आलेले, घरचे वळण धार्मिक. 1967च्या अरब-इस्रायल युद्धातल्या विजयाने देश भारावलेला असताना पुढच्याच वर्षी त्याचे पहिले उपहासनाट्य आले, ‘तू, मी आणि पुढचे युद्ध’. नावातच सगळा झणका होता. एप्रिल 1970 मध्ये कामेरी नाट्यगृहात ‘बाथटबची राणी’ लागले. अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो ही पुराणकथा लेविनने युद्धात मुले गमावणाऱ्या समाजासमोर धरली. प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला, वर्तमानपत्रे तुटून पडली. अखेर नाट्यगृहानेच माघार घेतली आणि 19 प्रयोगांनंतर नाटक उतरवले.

हा आकडा मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात रंगमंचावर आले. नाना फडणवीसांची बदनामी आणि ब्राह्मणद्वेष असे आरोप झाले, आणि ज्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते केले होते, तिनेच 19 प्रयोगांनंतर ते थांबवले. मग दिग्दर्शक जब्बार पटेल आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि पुढल्या वर्षी नाटक पुन्हा उभे केले.

आकडा जुळला हा योगायोग. पण दोन्हीकडे नाटक घरच्यांनीच उतरवले, हा योगायोग नव्हे. उपहासाचा वैरी म्हटले की आपल्याला सेन्सॉर आठवतो. पण सेन्सॉर निदान कागदावर सही करतो, त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येते. आपल्याच संस्थेच्या भीतीविरुद्ध कुठे जायचे?

त्यानंतरची वाट दोघांची वेगळी झाली. माझ्या मते लेविनचे मोठेपण त्या वादळात नाही, नंतरच्या नाटकांत आहे. ‘याकोबी आणि लायडेंटाल’, ‘क्रुम’, ‘सूटकेस भरणारे’ यांत पंतप्रधान नाहीत. आहेत ती गल्लीतली माणसे: लग्न जमवणारी, एकमेकांना पाण्यात पाहणारी, परदेशी जायची स्वप्ने पाहत तिथेच मरणारी. राजकीय टोल्यावर प्रेक्षक ‘तो दुसरा’ म्हणून सुटू शकतो, इथे सुटका नाही. 1999 मध्ये तो गेला तेव्हा पन्नासहून अधिक नाटके मागे होती. ‘घाशीराम’चे उलटे झाले. खेळे, दशावतार, कीर्तन आणि माणसांचा तो झुलता पडदा यांचे इतके कौतुक झाले, की पडद्यामागून येणारा प्रश्न हळूहळू मागे पडला. नानाचे नाव इतिहासातले. आजचा नाना कोण, हे विचारायचे आपण टाळले.

आता पुन्हा सातपुड्यात येऊ. अक्कलकुवा, धडगाव भागात ‘सोंगाड्या पार्टी’ रात्र रात्र खेळ करतात. स्त्रियांची कामे पुरुष करतात, बोली आपली, मधून मराठी-हिंदी. साहेबाचे सोंग बोली सोडून कागदी मराठीत शिरले, की हशा पिकवायला वेगळा विनोद लागत नाही. छापील संहिता नसल्याने परिनिरीक्षण मंडळाला, म्हणजे सेन्सॉरला, धरायलाही काही नसते. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये रोजच्या बातमीवर टोला हाणत, ती मोकळीक याच जातीची.

पण संहितेविना खेळणाऱ्यालाही सुपारी घ्यावीच लागते. कलापथकांना योजनांच्या प्रचाराची कामे मिळतात. दारूबंदी, लसीकरण, मतदान, विषय चांगलेच आहेत. पण अशा खेळात चुकतो तो नेहमी गावकरी, आणि शहाणा ठरतो तो योजना घेऊन आलेला. थट्टेची दिशाच उलटते. ज्याची नक्कल करायची, त्याच्याच हातून मानधन घ्यायचे असते. डीजेच्या गोंगाटात कला बुडेल अशी काळजी सगळेच करतात. मला अधिक काळजी या शांतपणे घडणाऱ्या बदलाची वाटते, कारण यात कला जिवंत दिसते आणि तिचा दात तेवढा पडलेला असतो.

यावर उपाय जुनाच आहे. गावाने वर्गणी काढून खेळ लावला, तर सोंगाड्या गावाचा राहतो आणि गावालाही सोडत नाही. लेविनला नाट्यगृहाने आणि तेंडुलकरांना संस्थेने जे नाकारले, ते पोत्यावर बसलेल्या या प्रेक्षकाला अजून देता येईल. अट एकच: टोला आपल्यावर आला, तरी त्याने उठून जाऊ नये.