दाद आणि छापील पान : भाऊसाहेब पाटणकरांची शायरी

मागच्या व्याख्यानात आपण लोकप्रिय कवितेकडे समीक्षा का पाठ फिरवते, हा प्रश्न अर्धवट सोडला होता. आज तो पांढरकवड्यातच, म्हणजे घरच्याच माणसावर तपासू. वासुदेव वामन पाटणकर, अर्थात यवतमाळचे भाऊसाहेब. जन्म १९०८, मृत्यू १९९७. पेशाने वकील, नादाने शिकारी, आणि मराठी शायरीचे जिंदादिल.

ऑस्ट्रेलियात बँजो पॅटर्सन होता, तोही वकील. १८९५ साली त्याचा पहिला संग्रह आला आणि हातोहात खपला. मेंढपाळ, घोडेस्वार, रानातली माणसं त्याची गाणी पाठ म्हणत. हेन्री लॉसनने त्याला जाहीर हटकलं, की बाबा, तू रान फार गोड करून दाखवतोस. तिथला दुष्काळ कुठे आहे? हा वाद कवितांतूनच झाला, १८९२ मध्ये, 'बुलेटिन' साप्ताहिकात. आपल्याकडे भाऊसाहेबांना असं तोंडावर विचारणारा कवी आमच्या तरी वाचनात नाही. तेव्हा आम्हीच विचारतो.

आधी त्यांचं देणं मान्य करू. माधव जूलियनांनी १९३३ मध्ये 'गज्जलांजलि' दिली होती, पण शेर म्हणजे उर्दू शब्दांची आतषबाजी, ही समजूत काही गेली नव्हती. भाऊसाहेबांनी शेर मराठीत, प्रसंगी चक्क संस्कृत वळणाच्या शब्दांत बांधला. बहुधा चार ओळी. दोन ओळींत गंभीर चेहरा, तिसरीत ताण, चौथीत कोलांटी. कोर्टात साक्षीदाराला बोलतं ठेवून शेवटी एकच प्रश्न टाकावा, तसं. सभागृहात तिसरी ओळ ते दोनदा म्हणत असतील तर नवल नाही. ती त्यासाठीच रचलेली दिसते.

आता अडचण. ही कविता 'दोस्तहो' म्हणते, म्हणजे समोर माणसं धरते. माणसं उठून गेली, पुस्तक हातात राहिलं, की मद्याचे शेर उतरलेल्या नशेसारखे लागतात. प्रेयसीचंही तसंच. ती थट्टेचं निमित्त; तिला स्वतःला काही म्हणायचं असेल, याची चाहूलही लागत नाही. श्रोत्यांतल्या बायका हसल्या असतील, पण कशाला हसल्या, हे कुणी विचारलं?

मृत्यूचे शेर मात्र कागदावरही टिकतात. तिथे थट्टेला खरा प्रतिपक्ष मिळतो. स्वतःच्याच अंत्ययात्रेकडे टवाळीने पाहणारा हा माणूस भित्रा नाही, आणि शूरपणाचा आवही आणत नाही. इथे हसू ही पळवाट राहत नाही.

आणि कापूस? केळापूर तालुक्यात बसून हे विचारायला हवंच. त्यांच्या गाजलेल्या शेरांत कापूस नाही, सावकार नाही. कवीने अमुकच लिहावं, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या जिल्ह्याचं नाव पुढे शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर गेलं, त्याच जिल्ह्यात मरणाला हसणारी ही कविता आज आपण कुणापुढे म्हणू शकतो, आणि कुणापुढे म्हणताना जीभ अडखळते, हे प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणून पाहावं.