मत्स्यप्रकरणातील उणीव

लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठीत पाकग्रंथांना तोटा नाही. पण मत्स्यप्रकरण उघडले की यांतील बहुतेकांचे एक वैगुण्य जाणवते. मसाल्याचे प्रमाण तोळामाशापर्यंत मिळते. तो मसाला त्याच माशाला का, हे मात्र कळत नाही. गावी ही उणीव खटकत नाही, कारण आई-आजी शेजारी असतात. कोलकात्यास वा दिल्लीस बदली झाली, म्हणजे ती पहिल्याच बाजाराच्या दिवशी उघडी पडते.

वस्तुतः मसाला माशाच्या प्रकृतीवरून ठरावा. बांगडा व तारली तेलकट आणि उग्र वासाचे. त्यांना कोकमाचा आंबटपणा आणि तिरफळाचा झणका हवाच. आंबटातील आम्लामुळे वासाची द्रव्ये बांधली जातात, हे त्यामागील रसायन. तिरफळाचे बी काढून, ते नुसते ठेचून रश्शात सोडावे. वाटणात गेले तर कडवटपणा येतो. पापलेट सौम्य, त्याला मीठ, हळद, लिंबू आणि थोडी मिरची पुरे.

परमुलखातील रोहू गोड्या पाण्यातला. त्याचा दर्प चिखलाचा; तोही आंबटाने उतरतो. तिरफळाची जागा मात्र तेथे मोहरीच्या वाटणास द्यावी, यात बंगाली गृहिणीचे शहाणपण आहे. गावाहून जपून आणलेली तिरफळे रोहूवर खर्चणे म्हणजे आठवणींना फोडणी देणे होय; माशाला त्याचा उपयोग नाही.

पुढील पाकग्रंथकर्त्यांनी ‘किती’बरोबर ‘का’ हेही सांगावे. परगावच्या संसारास त्याचीच अधिक गरज आहे.