नामदेवांचे अश्रु

कवीच्या पश्चात् त्याच्या चाहत्यांच्या हातीं दोन गोष्टी उरतात : एक त्याची कविता व दुसरी त्याच्याविषयींची आख्यायिका. पुष्कळदां दुसरी पहिलीस झांकून टाकते. श्रीनामदेवांच्या बाबतींत असेंच झालें आहे. देवानें त्यांच्या हातचा नैवेद्य खाल्ला, औंढ्याचें देऊळ त्यांच्या कीर्तनासाठीं फिरलें, पंढरपुरास महाद्वारीं ते पायरी होऊन राहिले, या कथा आपल्याकडील लहान मुलांसही ठाऊक असतात. परंतु त्यांच्या अभंगांत जें दुःख जागोजाग भरून राहिलें आहे तें कशाचें, व त्या दुःखाचें त्यांनीं पुढें काय केलें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. नरसी हें त्यांचें परंपरागत जन्मस्थान व औंढा हें त्यांच्या गुरुभेटीचें स्थान, हीं दोन्हीं ज्या हिंगोली जिल्ह्यांत आहेत, तेथें तरी हा प्रश्न विचारला जावा, या हेतूनें पुढील विवेचन केलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. नामदेव हे आजच्या अर्थानें ग्रंथकार नव्हते. ते पद रचीत, तें स्वतः गात, आणि गातां गातां नवें रचीत. त्यांचा अभंग वाचकासाठीं लिहिलेला नसून समोर उभ्या असलेल्या श्रोत्यासाठीं म्हटलेला आहे. यामुळें त्यांतील दुःख एकांतांत लिहिलेल्या रोजनिशीप्रमाणें एकट्या कवीचें राहत नाहीं. ऐकणाऱ्यानें तें आपल्या मुखानें पुढें म्हटलें, त्यांत भर घातली, आणि ‘नामा’ या मुद्रेखालीं पिढ्यानुपिढ्या अभंग जमा होत गेले. सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा या निराळ्या कवीनें महाभारत मराठींत आणलें; त्याचेही अभंग मूळ गाथेंत मिसळून गेले. डॉ. भांडारकरांनीं १९१३ सालच्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरील इंग्रजी ग्रंथांत, नामदेवांची भाषा ज्ञानेश्वरांच्या भाषेहून बरीच अर्वाचीन दिसते म्हणून, त्यांचा काळच सुमारें शंभर वर्षें पुढें ओढला. भाषा अर्वाचीन दिसते हें खरें. पण जी वाणी गाणाऱ्यांच्या जिभेवर शतकानुशतकें राहिली ती मूळच्या रूपांत राहिली असती तरच नवल. महाराष्ट्र शासनानें १९७० सालीं नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली, तरी कोणता अभंग कोणाचा हा वाद मिटलेला नाहीं.

या मिश्रणाचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. परंपरेप्रमाणें नामदेवांचा जन्म शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० मधला, व ज्ञानेश्वरांची समाधि शके १२१८ म्हणजे इ. स. १२९६ मधली. म्हणजे आळंदीस नामदेव अवघे सव्वीस वर्षांचे होते. असें असतां समाधीच्या अभंगांत, समाधीची जागा झाडून स्वच्छ करण्यासाठीं नारा, विठा, गोंदा व महादा या त्यांच्या चार पुत्रांस पाठविल्याचें वर्णन येतें. सव्वीस वर्षांच्या पित्याचे चार पुत्र अशा कामाच्या वयाचे असावेत हें हिशेबास जुळत नाहीं. तेव्हां हा अभंग मागाहून कोणी रचला असावा, अथवा मूळच्या अभंगांत हें स्थळ कोणी भरलें असावें, असाच तर्क करावा लागतो. परंतु तेथेंच थांबणारा संशोधक अर्ध्या वाटेवर थांबला असें म्हणावें लागेल. ही भर कोणाला व कां घालावीशी वाटली? आपल्या घरांत कोणी जाणार असलें म्हणजे परकी माणसें नव्हे, तर घरचीं मुलें कामाला लागतात. ज्ञानेश्वरांना तर मूलबाळ नव्हतें. तेव्हां त्यांच्या शेवटच्या प्रसंगीं पुत्राचें काम नामदेवांच्या मुलांनीं करावें, असें त्या अज्ञात श्रोत्याच्या मनानें घेतलें. ऐतिहासिक दृष्ट्या चुकीचा असलेला हा तपशील नामदेवांचें दुःख श्रोत्यांनीं किती आपलेंसें केलें होतें याचा चांगला पुरावा आहे.

सुशिक्षित वाचकांत नामदेवांविषयीं एक मत रूढ आहे. ज्ञानेश्वर विचार करतात व नामदेव रडतात. पहिल्याजवळ तत्त्वज्ञान आहे व दुसऱ्याजवळ केवळ भाबडी भावना, असें तें मत. त्यास आधार म्हणून गोरोबा काकांच्या घरची कथा सांगतात. तेर येथें संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनीं थापटण्यानें एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें. इतर सर्व शांत बसले. नामदेवांस मात्र राग आला. हें मडकें कच्चें, असा निर्णय झाला. नामदेव रडत पंढरीस धांवले, तेथून देवानें त्यांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे पाठविलें, आणि लिंगावर पाय ठेवून निजलेल्या त्या वृद्धानें ‘देव नाहीं अशी जागा दाखव’ या अर्थाच्या एका प्रश्नांत त्यांचें अज्ञान घालविलें. कथेचा रोख उघड आहे : अश्रु हें कच्चेपणाचें लक्षण, आणि ज्ञान झाल्यावर ते आटावयास हवेत.

पण कथेंतील क्रम नीट पाहिला तर हा निष्कर्ष टिकत नाहीं. गोरोबांच्या घरच्या बैठकीस ज्ञानेश्वर व मुक्ताबाई हजर आहेत. अर्थात् ती समाधीच्या पूर्वीची. म्हणजे औंढ्याचा उपदेश आधींचा आणि आळंदीचा शोक नंतरचा. ज्या नामदेवास विसोबांनीं भाजून पक्कें केलें, तोच नामदेव त्यानंतर आळंदीस सर्वांदेखत रडतो, आणि त्याच्या सर्व रचनेंत अत्यंत उत्कट असें काव्य त्या वेळच्या नांवावर आहे. परंपरा स्वतःच आपल्याला सांगते आहे कीं, ज्ञानानें अश्रु गेले नाहींत. फरक झाला तो अश्रूंच्या जातींत.

हा फरक आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेनें चांगला सांगतां येतो. विप्रलंभ आणि करुण या दोहोंत शास्त्रकारांनीं भेद केला आहे तो पुनर्भेटीच्या आशेवर. आशा असेल तर विप्रलंभ, ती तुटली म्हणजे करुण. तीर्थावळीच्या अभंगांत नामदेव ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रेस निघतात, पण त्यांचें चित्त पंढरीस अडकलेलें असतें. देवही त्यांना निरोप देतांना कष्टी होतो. हा वियोग गोड आहे, कारण यात्रा संपतांच विठ्ठल विटेवर उभा सांपडणार हें दोघांनाही ठाऊक आहे. मूल आईपासून दूर गेल्यावर रडतें तसा हा शोक. आळंदीचा शोक तसा नाहीं. तेथें मुलाला जाऊं द्यावयाचें आहे, आणि तें परत यावयाचें नाहीं.

शिवाय या शोकाला एक मोठी अडचण आहे. शोक करण्यासारखें कांहींच नाहीं, असें सिद्ध करणारा मनुष्यच येथें जात आहे. आत्मा मरत नाहीं, म्हणून मेलेल्यांसाठीं वा जिवंतांसाठीं शहाण्यानें शोक करूं नये, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा सिद्धांत ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें पूर्ण केलेल्या आपल्या टीकेंत मराठी माणसाला समजावून दिला. त्यानंतर सहाच वर्षांनीं त्यांच्याच समाधीच्या दारांत नामदेव उभे आहेत. त्यांनीं काय करावें? सिद्धांत खोटा म्हणतां येत नाहीं, आणि डोळ्यांना येणारें पाणीही खोटें म्हणतां येत नाहीं. नामदेव या दोहोंपैकीं कशाचेंही खंडन करीत नाहींत. ते शोकाच्या वर्तुळांत एकेकाला आणून उभें करतात. निवृत्तिनाथ हे ज्ञानेश्वरांचे गुरु. परंतु त्यांचाही धीर सुटतो, व बांध फुटून तळ्याचें पाणी वाट फुटेल तिकडे धांवावें तशी त्यांच्या मनाची अवस्था नामदेव रंगवितात. शेवटीं प्रत्यक्ष विठ्ठलही खिन्न होतो. ज्याला अज्ञान संभवतच नाहीं असा देव जेथें कष्टी होतो, तेथें शोक म्हणजे अज्ञान हें समीकरण आपोआप गळून पडतें. वाद न घालतां केवढा मोठा मुद्दा येथें मांडला गेला आहे!

इंग्रजी वाङ्मयांतील विलापिका ज्यांनीं अभ्यासिल्या आहेत त्यांना येथें तुलना सुचेल. एडवर्ड किंग १६३७ सालीं समुद्रांत बुडाला व मिल्टननें त्याच्यावर ‘लिसिडस’ लिहिलें; पण धनगरी सोंगाच्या आड लपलेल्या त्या काव्यांत खरा शोक नाहीं, असा आक्षेप डॉ. जॉन्सननें घेतला. टेनिसननें मित्र हॅलमच्या १८३३ मधील मृत्यूनंतर सतरा वर्षांनीं ‘इन मेमोरिअम’ प्रसिद्ध केलें. त्यांत शोक शंकेंतून वाट काढीत श्रद्धेपर्यंत जातो. समाधीच्या अभंगांत मिल्टनचें सोंग नाहीं, आणि टेनिसनची वाटचालही नाहीं. तेथें तयारी, निरोप, प्रवेश व दाराला लागलेली शिळा एवढाच क्रम आहे. सांत्वन शोधण्याची घाई कोणालाच नाहीं. आमच्या मतें या अभंगांचें बळ याच संयमांत आहे. उपमा नेहमींच्या आहेत, पण प्रसंगाची मांडणी नेहमींची नाहीं.

नामदेवांच्या दुःखाची दुसरी बाजू घरांत आहे. आई गोणाई देवाकडे आपला मुलगा परत मागते. पत्नी राजाई दारिद्र्याचें गाऱ्हाणें रखुमाईच्या कानीं घालते. हे अभंग कोणीही रचलेले असोत, नामदेवांच्या भक्तीची किंमत घरच्यांनीं भरली, ही गोष्ट त्यांच्या चाहत्यांनीं लपविली नाहीं. थोर पुरुषाच्या घरच्या माणसांचें म्हणणें इतक्या मोकळेपणानें त्याच्याच गाथेंत ठेवल्याचीं उदाहरणें थोडीं असतील. तिसरी बाजू जातीची. औंढ्याच्या देवळाची कथा आपण चमत्कार म्हणून सांगतों. परंतु शिखांच्या आदिग्रंथांत देऊळ फिरल्याचें जें नामदेवांचें पद आहे, त्यांत भजनांतून ओढून बाहेर काढल्याचा सल आहे, व आपला जन्म अशा जातींत कां झाला असा सरळ प्रश्न आहे. देऊळ फिरलें हें आपण लक्षांत ठेवलें आणि तें कां फिरावें लागलें हें विसरलों. चोखामेळ्याच्या अस्थि मंगळवेढ्याहून पंढरपुरास आणणारे नामदेव या पदाशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे त्यांच्या त्या कृतीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

आतां या दुःखाचें पुढें काय झालें तें पाहूं. ज्ञानेश्वरांमागून वर्ष-दीड वर्षांच्या आंत सोपान, मुक्ताबाई व निवृत्तिनाथ हेही गेले. ज्या १२९६ सालीं आळंदीची समाधि झाली, त्याच सालीं अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी देवगिरीवर आली, व पुढील वीस-बावीस वर्षांत यादवांचें राज्य नाहींसें झालें. समाधीच्या अभंगांत त्या स्वारीचा उल्लेख नाहीं, म्हणून त्यांतील शोकाचा संबंध राज्यनाशाशीं जोडण्याचा मोह टाळलेलाच बरा. एवढें मात्र खरें कीं, परंपरेप्रमाणें नामदेव त्यानंतर चोपन्न वर्षें, म्हणजे इ. स. १३५० पर्यंत जगले. मित्रांवांचून काढलेलीं हीं चोपन्न वर्षें त्यांच्या चरित्राचा मोठा भाग होय, आणि आपण त्याकडेच कमी लक्ष देतों.

त्या काळांत ते उत्तरेस गेले व पंजाबांत घुमान येथें राहिले. पांचव्या गुरूंनीं १६०४ सालीं सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत त्यांचीं एकसष्ट पदें आहेत. या पदांतील नामदेव निराळा, निर्गुणाचा उपासक, असें पुष्कळांचें म्हणणें. एका दगडाची पूजा व दुसऱ्यावर पाय, हा विसंगतीचा प्रश्न तेथें आहे, हें खरें. पण तो तर औंढ्याचाच धडा आहे. आणि त्याच पदांत वासरावांचून एकटी पडलेली गाय व पाण्यावांचून तळमळणारा मासा हीं चित्रेंही आहेत. मराठी गाथा वाचणाऱ्यास हीं जुनी ओळखीचीं वाटतील. भाषा बदलली, प्रांत बदलला, देवाचें रूपही बदललें. तळमळ तीच राहिली. जें दुःख एका मित्राच्या समाधीपाशीं साचून राहिलें असतें, तें नामदेवांनीं वाट चालून दूरच्या लोकांस वांटून दिलें. त्यांचा खरा वारसा हा आहे.

महाराष्ट्रांत तो वारसा तुकोबांपर्यंत कसा आला हें सर्वश्रुत आहे. नामदेवांनीं विठ्ठलासह स्वप्नांत येऊन आपला अपुरा राहिलेला अभंगांचा संकल्प पुरा करण्यास सांगितलें, असें तुकोबा स्वतः सांगतात. तीनशें वर्षांमागील गायकाचें अपुरें काम आपलें समजणें, यापरता चाहता कोणता?

आजचे चाहते काय करतात? कीर्तनांत समाधीचा प्रसंग निघाला कीं डोळे पुसले जातात, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु रडण्याचीही रीत पडून गेली म्हणजे शब्दांकडे लक्ष राहत नाहीं. दुसरीकडे अभिमान आहे : जन्म नरसीचा कीं पंढरपूरचा, हा वाद आपण हिरिरीनें खेळतों. २०१५ सालीं घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें; नरसीस कयाधूच्या कांठीं पंजाबचे यात्रेकरूही येतात. हें सर्व आनंदाचेंच. पण गांवाचा अभिमान ही कवितेची ओळख नव्हे. तीर्थावळीचे व समाधीचे अभंग घराघरांतून, निवडक नव्हे तर क्रमानें व सबंध, मोठ्यानें वाचले जावेत; त्यांच्याशेजारीं तीं एकसष्ट पदें अर्थासह ठेवावींत; आणि मुलांनीं प्रश्न विचारले तर पायरीच्या कथेवर त्यांची बोळवण न करतां, नामदेव कां रडले हें त्यांना सांगावें. तें सांगतां येण्यासाठीं आधीं तें आपण समजून घेतलें पाहिजे, आणि त्याचा आरंभ त्यांच्या जन्मभूमींत झाला तर तें उचितच होईल.