वाटून घेतलेले मूल : हेन्री जेम्स यांची ‘व्हॉट मेझी न्यू’

घटस्फोटावरील कादंबऱ्यांस इंग्रजीत तोटा नाही. परंतु घटस्फोटानंतर मुलास कोणी, केव्हा व कोणत्या नात्याने भेटावे, याच प्रश्नावर उभारलेली थोर कृती म्हणून आम्हांस प्रथम आठवते ती १८९७ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी होय.

कथानक थोडक्यात असे. लंडनमधील बील फॅरेंज व आयडा यांचा विवाह मोडतो आणि त्यांची लहानगी मेझी सहा सहा महिन्यांकरिता वाटून घेतली जाते. एक दूरची नातलग स्त्री तिला आपल्या घरी नेण्यास पुढे येते. तिला कोणी दाद देत नाही. पुढे आईबाप दोघेही पुनर्विवाह करतात, आणि सावत्र बाप सर क्लॉड व सावत्र आई यांचेच सूत जुळते. प्रथम जो तो मुलीस दुसऱ्यापासून हिरावून घेऊ पाहतो. मागाहून जो तो तिला दुसऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो. निवाडा एकच, परंतु तो मत्सराच्याही उपयोगी पडतो आणि कंटाळ्याच्याही!

जेम्स यांचे सामर्थ्य दिसते ते निरोपांच्या प्रसंगात. बाप आईविषयीचे अपशब्द मुलीच्या तोंडून पाठवितो, आई त्याची सव्याज परतफेड करते, आणि मेझी ते इमानाने पोहोचविते. पुढे तिला उमगते की, आपण केवळ द्वेषाचे जासूद आहोत. तेव्हापासून ती काही आठवत नसल्याचे सोंग घेते, व वडीलमंडळी तिला मंदबुद्धी ठरवितात. ग्रंथकार येथे एक अश्रूही ढाळीत नाहीत; म्हणूनच हा भाग मनास अधिक झोंबतो.

इंग्लंडात विभक्त मातेस मुलांच्या भेटीसाठी न्यायालयाकडे दाद मागता येऊ लागली ती १८३९ च्या कायद्याने. त्यामागे कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची खटपट होती. तो हक्क न्याय्यच होता. परंतु भेटीचा हक्क भेटणाऱ्याचा की मुलाचा, हा प्रश्न त्याने सुटला नाही, आणि जेम्स यांनी नेमके त्यावरच बोट ठेविले आहे. आपल्याकडील १८९० चा पालक व पाल्य कायदा पाल्याचे कल्याण पाहावयास सांगतो, व त्यास समज असल्यास त्याची पसंतीही विचारात घेऊ देतो. मूल म्हणजे आईबापांनी इकडून तिकडे टोलवावयाची निर्जीव वस्तू नव्हे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० साली बजाविले. फ्रान्सच्या नागरी कायद्यात तर आजीआजोबांशी संबंध राखणे हा मुलाचा हक्क म्हणून मांडिलेला आहे.

कादंबरीत दोष नाहीत असे नाही. वाक्ये कित्येक ठिकाणी इतकी गुंतागुंतीची आहेत की, बालिकेच्या मनात प्रौढ ग्रंथकारच विचार करीत आहे असे वाटते. दुसरी उणीव मराठी वाचकास विशेष जाणवेल : या गोष्टीत आजोळ नाही. आपल्याकडे घर मोडले म्हणजे मूल केवळ बापास वा आईस मुकत नाही. आजी, आत्या, मामा, चुलत भावंडे हा सारा गोतावळा एका तारखेस त्याच्यापुरता बंद होतो. आजीस नातवाचे तोंड दिसू न देणे हा सूड सुनेवर वा मुलावर उगवला जात असेल, परंतु तो भोगतो नातू. हा विषय जेम्स यांच्या आटोक्याबाहेरचा होता. आमच्या कादंबरीकारांच्या मात्र तो अगदी अंगणातला आहे.

शेवट फ्रान्समधील बूलोन बंदरात होतो. सर क्लॉड यांनी सावत्र आईस सोडावे, म्हणजे आपणही मिसेस विक्स या वृद्ध शिक्षिकेस सोडू, अशी अट मेझी घालते. त्यांस ते साधत नाही. ती शिक्षिकेबरोबर बोटीत बसते. इतकी वर्षे तिच्या भेटीगाठी इतरांनी ठरविल्या. हा एक निर्णय तिचा. तो सुखाचा ठरेल की नाही, हे ग्रंथकार सांगत नाहीत, व त्यांनी सांगितले नाही हेच आम्हांस योग्य वाटते. भाषेच्या अडचणीस न भिता सुशिक्षित कुटुंबांनी, विशेषतः वकिलीचा व्यवसाय करणाऱ्यांनी, ही कादंबरी अवश्य वाचावी.