जमाव, जनता आणि चित्र

'प्रतिनिधित्व' ही संकल्पना राज्यशास्त्राची आहे, तशीच ती कलाविचाराचीही आहे. अनेकांच्या वतीने एखाद्याने वा एखाद्या प्रतिमेने उभे राहणे, हा तिचा दोन्हीकडील गाभा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युरोपीय चित्रकलेत हे दोन अर्थ परस्परांत गुंतले. सत्ता राजाची होती तोवर तिचे चित्र म्हणजे राजाचे चित्र. ती लोकांची ठरल्यावर 'लोक' दाखवायचे कसे, हा रूपबंधाचा प्रश्न राजकीय प्रश्न होऊन बसला. रस्त्यावर उतरलेला समूह जमाव आहे की जनता, याचा निवाडा चित्राच्या मांडणीतच होऊ लागला.

२० जून १७८९ रोजी व्हर्सायच्या टेनिस कोर्टात तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी, राज्यघटना सिद्ध होईपर्यंत न पांगण्याची शपथ घेतली. झाक-लुई दाविदने १७९१ मध्ये या प्रसंगाचे रेखाटन प्रदर्शित केले. मध्यभागी उभ्या असलेल्या बैयीच्या दिशेने असंख्य हात झेपावतात. एकच प्रतिनिधी छातीशी हात बांधून बसला आहे. सामान्य जन वरच्या खिडक्यांतून पाहत आहेत. येथे समूहातील व्यक्तींना चेहरे आहेत, नावे आहेत. पण नेमके हेच चित्राला भोवले. मिराबो मरणोत्तर बदनाम झाला, बैयीचा १७९३ मध्ये शिरच्छेद झाला. कालचे नायक आज संशयित ठरू लागले. मोठा कॅनव्हास अपूर्णच राहिला.

देलाक्र्वाने १८३० च्या जुलै क्रांतीवर काढलेल्या चित्रात ही अडचण रूपकाने ओलांडली. 'लोकांना नेणारी स्वातंत्र्यदेवता' तिरंगी ध्वज उंचावते आणि उंच टोपीवाला, कामगार, पिस्तुले घेतलेला मुलगा असे भिन्न स्तरांतले लोक तिच्यामागे एक होतात. जमावाची जनता होते, ती या देवतेच्या मध्यस्थीने. तरीही तिच्या पायांशी प्रेते आहेत, हे विसरता येत नाही. क्रांतीतून आलेल्या राजवटीने चित्र विकत घेतले आणि थोड्याच काळात लोकांच्या नजरेआड केले.

फेब्रुवारी १८४८ मध्ये स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. चारच महिन्यांनी, बेकारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यशाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा पॅरिसचे कामगार बॅरिकेडांवर उतरले. निवडून आलेल्या सभेच्या सरकारने चार दिवसांत हा उठाव चिरडला. चित्रकार मेसोनिए तेव्हा राष्ट्रीय रक्षक दलाच्या तोफखान्यात कप्तान होता. म्हणजे तो सरकारच्या बाजूने होता. त्याने रंगवलेले बॅरिकेडचे चित्र जेमतेम २९ बाय २२ सेंटिमीटरचे आहे. उखडलेले दगड आणि प्रेते त्यात एकरूप झाली आहेत. ध्वज कुठेच नाही. निळा, पांढरा, लाल हे त्याचे रंग मृतांच्या कपड्यांवर विखुरले आहेत. देलाक्र्वाच्या देवतेला येथे उभे राहायला जागा उरलेली नाही.

जेम्स एन्सॉरने १८८८ मध्ये 'ख्रिस्ताचा ब्रुसेल्समध्ये १८८९ साली प्रवेश' रंगवले, तेव्हा जमाव मुखवट्यांचा झाला होता आणि ख्रिस्त त्यात जवळजवळ हरवला होता. सात वर्षांनी गुस्ताव ल बाँचा जमावाच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ आला. जमावात माणूस विवेक गमावतो, ही त्याची धारणा. वरवर पाहता एन्सॉर त्याचाच पूर्वसूरी वाटतो. मात्र एन्सॉरच्या गर्दीत अधिकारी, धर्मगुरू, सैनिकही मुखवटेच आहेत. ल बाँ जमावाकडे बाहेरून पाहतो; एन्सॉर कोणालाच बाहेर राहू देत नाही.

क्रांतीची प्रतिमा म्हटली की देलाक्र्वाचेच चित्र आठवते, आणि तिचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु लोकशाहीची कसोटी विजयाच्या क्षणी लागत नाही. ज्यांना मत दिले त्यांच्यावरच गोळी झाडावी लागली, तर 'लोक' कोणत्या बाजूला होते? मेसोनिएचे चित्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही, आणि उत्तर देणाऱ्या कुठल्याही देवतेला चौकटीत येऊ देत नाही. म्हणूनच त्या तळहाताएवढ्या चित्राचा भार आजही मोठ्या कॅनव्हासांहून अधिक जाणवतो.